बहिणीच्या लग्नातली गाडी

बहिणीच्या लग्नात आम्ही जावयाला मोटरसायकल दिली होती. वर्षभरातच बहीण पाठीवर वळ घेऊन माहेरी आली. बाबांनी भांडून गाडीही परत आणली आणि कडब्याच्या शेडात पोत्यांखाली झाकून ठेवली. "ती तिची हाय, कुणी हात लावायचा न्हाई," म्हणाले. तीन वर्षं कुणी लावला नाही.

मग अंबडला दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची बैठक झाली. सासरचे तिला नांदवायला तयार झाले, गाडीसकट. तिला कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तर एवढंच म्हणाली, "तू बोल ना बाबांशी."

बोलायला गेलो. बाबा म्हणाले, "शब्द देऊन बसलो मी. उद्या नेऊन सोडायची. गाडी चालू व्हईल का, ते सांग." माझी दातखीळ बसली. बाबांसमोर ती नेहमीच बसायची.

एमआयडीसीत रोलिंग मिलवर कामाला होतो, त्यामुळे घरातला मेस्त्री मीच. इंजिन जाम झालंय म्हणून सांगायचं, असं मनाशी ठरवलं. निदान आठ दिवस मिळाले असते, तेवढ्यात कुणाकरवी तरी बाबांची समजूत काढली असती.

पोती काढली. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, टाकीतलं पेट्रोल डिंकासारखं. लोकांना दाखवायला म्हणून टाकी रिकामी करून बाटलीभर ताजं पेट्रोल ओतलं, कार्बोरेटर खोलला, बारीक तारेनं साफ केला. प्लग घासला. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं. किका मारून मारून पोटऱ्या भरून आल्या, आणि गाडी एकदा खोकली.

तिथंच घात झाला. मला चेव आला. माझ्या हातानं चालू होत नाही म्हणजे काय! इंजिन जाम, आठ दिवस, सगळं डोक्यातून गेलं. पुन्हा प्लग काढला, पुसला, बसवला, सगळा जोर लावून किक मारली. गाडी धडधडायला लागली आणि मी गाढवासारखा ओरडलो, "झाली चालू!"

बाबांनी वर बघून हात जोडले. "चालू हाय तवर आजच घेऊन जा तिला. उद्या व्हईल न व्हईल."

बहीण दारातच उभी होती. "एवढी काय जल्दी होती रे, दादा?" म्हणाली, आणि पिशवी भरायला आत गेली.

ती बाहेर येईपर्यंत मी रेस देत उभा होतो, गाडी बंद पडू नये म्हणून.