चार नावांची साखर

लग्न होऊन लाखांदूरकडच्या सासरी आले, तेव्हा माझ्या हातात सगळ्यात आधी चूल नाही आली, कंट्रोलची थैली आली. अंगावरची हळद पुरती गेली नव्हती. सासूबाईंना आमच्याकडे मामीजी म्हणतात. त्या म्हणाल्या, "साखर आली म्हनते गावात. जाय, लाइनीत उभी राय." गेले. नव्या नवरीनं डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं ती कशी दिसते ते बघून घ्यायचं, असा तो मुहूर्त होता.

ऐंशीच्या आगेमागची गोष्ट. कंट्रोल म्हणजे स्वस्त धान्याचं दुकान, आमच्या गावात एका पडवीत भरायचं. तांदूळ घरचाच असे, त्यामुळं धानवाले लोक तिथं जात ते साखरेसाठी आणि मातीच्या तेलासाठी, म्हणजे रॉकेलसाठी. साखर महिन्यातून एकदा यायची, कधी तीही नाही. बाजारात मिळायची, पण तो भाव आमच्या घरांसाठी नव्हता, लग्नाकार्यालाच काय ती आणायचे. बायका थैलीवर दगड ठेवून नंबर लावायच्या आणि शेतावर निघून जायच्या. माझी थैली एकदा कोणीतरी सरकवली, दगडासकट. तेव्हापासून मी स्वतःच उभी राहायला लागले. माझ्यासारख्या दगडाला कोण सरकवतं!

दुकानदार कार्ड उघडून नावं मोठ्यानं वाचायचा आणि जितकी नावं तितकी साखर तोलायचा. आमच्या कार्डात चार नावं होती. मामाजी म्हणजे सासरे, मामीजी, माझा नवरा आणि धाकटा दीर. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "अन् तुमचं नाव?" मी म्हटलं, "नाई चढलं अजून." त्यानं चार नावांची साखर तोलली आणि पुढच्या बाईचं कार्ड उघडलं.

ते नाव न चढणं म्हणजे काय, हे संध्याकाळी कळलं. मामीजींनी चहा ठेवला. उकळी आल्यावर, साखर टाकायच्या आधी, त्यांनी एक कप वेगळा काढला. मग साखर टाकली, ढवळली, बाकीच्यांचे चार कप भरले. वेगळा काढलेला कप माझा होता. "तुही साखर तुह्या मायच्या कार्डात हाये," त्या म्हणाल्या. रागानं नाही हो, अगदी सहज, पाऊस येईल म्हणावं तसं. नवऱ्यानं बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसला.

साखर ही काही जीव जाण्यासारखी गोष्ट नाही, हे मलाही कळतं. माहेरी आम्ही गुळाचा चहा महिनोन् महिने प्यायलेलो आहोत. पण त्या घरात भांडी मी घासायची, धान मी रोवायचं, अर्धा दिवस लाइनीत उभं राहून साखर मी आणायची, आणि दिवसातून दोनदा सगळ्यांसमोर माझा कप वेगळा निघायचा. पाहुणा आला की तोही बघायचा. एक दिवस शेजारच्या पोरीनं विचारलं, "वहिनी, तुमाले गोड चालत नाई का?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

इलाज साधा होता. मायच्या कार्डातून माझं नाव कापायचं, कापल्याचा दाखला आणायचा, म्हणजे इकडच्या कार्डात ते चढणार. मी माहेरी, करडीला, पत्र टाकलं. मायला वाचता येत नव्हतं, भाऊ वाचून दाखवी. उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं. त्याचंही नाही.

दिवाळीला गेले तेव्हा तिला धरलं. तिनं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यात दोन लाल रेघा होत्या. एक बाबाच्या नावावर. दुसरी माझ्या धाकट्या बहिणीच्या, जी तापानं गेली. माय म्हणाली, "रेघ मेल्यावर मारतात, बाई. जित्या पोरीच्या नावावर मी नाई मारू देत." मी किती समजावलं, की लग्न झालेल्या सगळ्याच पोरींची नावं कापतात, सरकारी काम आहे. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच म्हणायची. शेवटी मी म्हटलं, "मंग काय जलमभर असाच फिक्का चहा पिऊ?"

तिनं कार्ड उचलून फळीवर ठेवून दिलं. आणि पुढल्या महिन्यात स्वतः साखर घेऊन आली.

करडीहून भंडारा, भंडाऱ्याहून लाखांदूर, पुढं पायी. पहाटेची निघालेली बाई उन्हं कलल्यावर दारात उभी. हातात माझ्या नावाच्या साखरेची पुरचुंडी. मामीजींनी ती घेतली, तिथंच गाठ सोडली आणि तिच्याच साखरेचा चहा केला. त्यातनं सवयीनं एक कप आधी वेगळा काढला. मायनं तो बघितला. मामीजी हसत म्हणाल्या, "तुमची पोरगी आमच्या कार्डात नाई ना, इहीनबाई. ते अजून पाहुनीच हाये इथं." माय मान खाली घालून चहा प्यायली. तो गोड होता, तिच्याच घरून आलेल्या साखरेचा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगते, मामीजींवर नाही. राग आला तो मायचा. ही कशाला आली? हिला कोणी सांगितलं होतं पुरचुंडी घेऊन गावभर मिरवायला? ज्याच्यावर राग काढता येत नाही त्याचा राग आपण कुठं काढतो? जो ऐकून घेतो त्याच्यावर. त्या रात्री तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही. सकाळी ती बसला गेली, तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते आणि सोलतच राहिले.

धान निघाल्यावर मी पुन्हा करडीला गेले. या वेळी नाव कापूनच परतायचं, असं ठरवून. मायनं पुन्हा रेघेचं सुरू केलं. "थोडं थांब, देवाले इचारते," म्हणाली. आणि मी बोलून गेले, "देवाले कायले इचारतेस? तुले माह्या नावाची साखर खायची हाये, म्हनून नाव नाई कापत."

भाऊ जेवत होता. त्याचा हात थांबला. माय उठली, फळीवरून कार्ड काढलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "उद्या मोहाडीले जाऊ."

मोहाडीच्या तहसिलीत बाबूनं आम्हाला दुपारपर्यंत बसवलं. मग कार्ड घेतलं, पट्टी काढली, लाल शाईचा पेन उघडला. मायनं हात जोडून विचारलं, "साहेब, दुसऱ्या शाईनं नाई चालत का? निळ्या?" बाबूला काही समजलं नाही. "लालच लागते, बाई." त्यानं पट्टी लावून सरळ रेघ ओढली. माय खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक सायकल उभी होती. परत येताना पूर्ण वाट ती माझा हात धरून बसली. मी तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. त्या वाक्याबद्दल माफी मागायला तीच वेळ होती. ती मी जाऊ दिली.

दाखला हाती आला तरी नाव चढायला आठ महिने लागले. अर्ज, सही, शिक्का, साहेब रजेवर. नवरा दोनदा गेला आणि कंटाळला. पुढं मीच धाकट्या दिराला घेऊन लाखांदूरला खेटे घातले. आणि एकदाचं चढलं. त्या महिन्यात दुकानदारानं पाच नावं वाचली, शेवटचं माझं. लाज वाटते सांगायला, पण मला रडू फुटलं तिथं, लाइनीत. बायकांना वाटलं ऊन लागलं. पाच नावांची साखर मी छातीशी धरून घरी आणली.

संध्याकाळी मामीजींनी चहा ठेवला. उकळी आली. त्यांनी एक कप वेगळा काढला, मग साखर टाकली.

मला वाटलं, सवयीनं झालं असेल. मी म्हटलं, "मामीजी, नाव चढलं ना आता माहं."

"चढलं त," त्या म्हणाल्या. "पन तुले आता बिनसाखरेची आदत पडली हाये. कायले बिघडवतेस?" आणि कप माझ्यापुढं सरकवला. नवरा बशीत फुंकर मारत होता.

तेव्हा मला सगळं समजलं. कार्डाचा, नावाचा काही संबंधच नव्हता. कार्ड नसतं तर त्यांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं. आणि मी त्यापायी मायच्या डोळ्यांदेखत माझ्या नावावर लाल रेघ ओढवून घेतली होती, वर ते वाक्य बोलले होते.

पुढं माहेरी गेले तेव्हा मायनं मी पाय धुवायच्या आधी विचारलं, "देते का आता सासू साखर?"

"देते," मी म्हटलं.

"गोड करते चहा?"

"हो, सगळ्यांबरोबरच."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका सैल झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मायच्या कार्डात आता दोनच नावं उरली होती, तिचं आणि भावाचं, आणि साखरही दोघांपुरतीच. तिनं चहा ठेवला. उकळी आल्यावर एक कप आधी वेगळा काढला. मग साखर टाकली, माझा कप भरला, भावाचा भरला, आणि तो वेगळा काढलेला फिका कप स्वतःकडं ओढून प्यायला बसली. मी ते बघितलं आणि माझा चहा पिऊन टाकला.