पुडीतली खळ

लाँड्रीवाल्यांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. गिऱ्हाईक म्हणालं की डाग चहाचा आहे, तर हे आधी वास घेऊन बघत. उभा जन्म लोकांच्या कॉलरी कडक करण्यात गेल्यावर माणूस तरी कुठून मऊ राहणार!

बायकोला विस्मरणाचा आजार जडला, तेव्हा लेकीने हट्टाने तिला इस्पितळातल्या एका नव्या औषधाच्या चाचणीत घातलं. रोज सकाळी एक पुडी पाण्यात ढवळून द्यायची. झाडाच्या मुळातून काढलेल्या साखरेच्या लांबलचक साखळ्या, असं लेक म्हणाली. उंदरांना गुण आला होता, माणसांचं अजून कळायचं होतं.

"उंदरांना आठवतंय म्हणजे," लाँड्रीवाले पुटपुटले.

पहिल्याच सकाळी पेल्यातलं पाणी दाटसर झालं आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशीची पुडी त्यांनी खिशात घातली. बायको दारातून नुसती बघत राहिली. दुकानात त्यांनी ती कालवून एका कॉलरीला लावली, वर इस्त्री फिरवली. कॉलर ताठ उभी राहिली. ती घेऊन ते तडक इस्पितळात, चाचणीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"ही खळ आहे. आम्हाला शेंडी लावता का?"

बाईंनी कॉलर चाचपली. "खळ या औषधाच्या भावकीतलीच, काका. तीही झाडाच्या साखरेचीच साखळी. शिवाय निम्म्या पेशंटना औषध नसलेली साधी पूडच देतात, त्याशिवाय फरक कळणार कसा? लेकीला हे सांगितलंय. तुमच्याकडे कुठली आली, ते मलाही माहीत नाही. नको असेल तर थांबवा, बाकीचे उपचार चालूच राहतील."

थापा मारणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. माहीत नाही म्हणणारी डॉक्टर त्यांना त्याहून संशयास्पद वाटली. पण बायको रोज थोडी थोडी हातून निसटत होती, आणि दुसरं काही हाती नव्हतं.

सकाळी त्यांनी पेला पुढे केला. बायकोने तो हुंगला आणि डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं, अगदी ते गिऱ्हाइकाकडे पाहत तसं.

"तुम्ही कोण? काय घातलंय यात?"

"घरचाच आहे मी."

"मग आधी तुम्ही प्या."

ज्या पुडीवर काडीचा भरवसा नव्हता, तिचा त्यांनी मोठा घोट घेतला. तिने वाट पाहिली, मग उरलेलं पिऊन टाकलं.

"उद्याही तुम्हीच द्या," ती हळूच म्हणाली. "आमच्या ह्यांच्या हाती नका देऊ. काल माझी पुडी खिशात घालून दुकानात नेली त्यांनी."

लाँड्रीवाल्यांना रडू फुटलं. "नाही देणार," ते म्हणाले.