अंधारबाई

उजेड नको म्हणणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते पण शाळेतली बाई. नाशिककडून आमच्या शेलूबाजारजवळच्या शाळेत कंत्राटावर आली होती, गाणं शिकवायला. भरदिवसा वर्गात शिरली की आधी ट्यूबलाईट बंद करायची आणि एकच खिडकी उघडायची. पोरं पाठीमागं तिला अंधारबाई म्हणत. मी तोंडावर म्हणायचो.

माझा मांडव-बिछायत आणि लाईटचा धंदा आहे. शिक्षण चौथी, पण शिरपूरच्या मांडवापासून चौदा एप्रिलच्या स्टेजपर्यंत या भागात उजेड म्हणजे मी. माझे हॅलोजन लागले की नवरीच्या हातावरची मेंदी शेवटच्या रांगेतून दिसते. लाईट कमी पडला असं म्हणायची आजवर कोणाची हिंमत झाली नाही. आणि ही बाई दुकानात येऊन म्हणते, "काका, लाईट जास्त आहे."

गॅदरिंगला तिला हरणीचं नाटक बसवायचं होतं, सगळं गाण्यातलं. पाडस कळपातून चुकतं आणि आई रात्रभर त्याला हाका मारत फिरते, एवढीच गोष्ट. मी तिला नवीन आणलेले रंगीत लाईट दाखवले, भिंगरीसारखे फिरणारे. तिनं ढुंकून पाहिलं नाही. कोपऱ्यात तेलाचे गंजके पिपे आणि जुने पिवळे बल्ब पडले होते, तिथं जाऊन उकिडवी बसली.

"हे द्या."

"अवो बाई, भंगार हाये ते. भंगारवाला बी नेत नाही."

"मग तर फारच छान!"

शिकलेल्या लोकांचं बोलणं हे असं.

पिप्यांची बुडं तिनं माझ्याच कारागिराकडून कापून घेतली, आत एकेक बल्ब बसवला. मग वर्गातल्या पंख्यांचे रेगुलेटर काढून आणले. थंडीचे दिवस, म्हणून हेडमास्तर गप्प राहिले. मी म्हटलं, "पंख्याचं बटन फिरवून रात्र करता काय?" तर म्हणे, "रात्र एकदम नाही होत काका. सावकाश होते." जसं काही मी कधी रात्र पाहिलीच नव्हती.

तिची एक खोड होती. एक डोळा मिटून, कपाळावर आडवा हात धरून बघत बसायची. लाईट लावायचा तर तिला स्टेजवर कोणीतरी उभं पाहिजे, आणि पोरं गेली होती परीक्षेला. मला म्हणाली, "काका, तुम्ही हरणी."

"माह्या उंचीची हरणी कुठं पाह्यली तुमी?"

"मग बसा."

बसलो. पांढऱ्या मिशांची हरणी होऊन, गुडघे दुखेपर्यंत बसलो. ती खालून पिपा इकडं सरकव, तिकडं सरकव करत होती. मधेच म्हणाली, "बाजूनं तुमचा चेहरा चांगला दिसतो हो!" असल्या फालतू बोलण्याला मी उत्तर देत नाही. हजार नवरदेवांवर उजेड पाडला मी. माझ्या तोंडाकडं बघायला कोणाला वेळ होता?

"सगळंच दाखवलं तर माणूस काय बघणार, काका?" हे तिचं पालुपद. मी म्हटलं, "सगळंच बघणार! त्याच्यासाठीच तं येते तो!" ती हसली. हसण्यासारखं काय बोललो ते मला अजून समजलं नाही.

गॅदरिंगच्या दिवशी पटांगण भरलं. पाहुण्यांची भाषणं माझ्या हॅलोजनमध्ये झाली. तोपर्यंत सगळं शिस्तीत होतं. मग बाईनं माझे सगळे हॅलोजन बंद करवले.

आमच्याकडं अंधार झाला की त्याचा एकच अर्थ होतो. "लाईन गेली रे!" कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "लाईन नाही, बुढ्याचं जनरेटर बसलं!" लोक हसले. इकडं मोबाईलच्या बॅटऱ्या लागल्या, तिकडं शिट्ट्या. सगळ्या गावासमोर माझं नाव मातीत चाललं होतं. मी हॅलोजनच्या बटनावर हात नेला. बाईनं माझं मनगट धरलं. माझं मनगट धरायची हिंमत आमच्या म्हातारीची, म्हणजे बायकोची पण नाही.

"थांबा. तिला गाऊ द्या."

आणि दुसऱ्या हातानं तिनं रेगुलेटर फिरवला, दळण दळल्यासारखा, हळूहळू. मी बसलो होतो त्याच जागी हरणी झालेली पोरगी बसली होती. आधी नुसता कान दिसला, मग गाल. पोरीनं पाडसाला हाक घातली. शिट्ट्या थांबल्या. मोबाईलच्या बॅटऱ्या एकेक करून बंद झाल्या. चार्जिंग संपली असेल.

नाटक झाल्यावर एक बाई हेडमास्तरांच्या अंगावर धावून आली. "माह्या पोराचं तोंडच नाही दिसलं सर, मोबाईलमधी नुसतं काळं आलं!" बरोबर बोलली. मी तर मान डोलावली. आमची म्हातारी पण नाटकाला आली होती. घरच्या दारात आल्यावर म्हणाली, "हरणी कशी दिसली, माय! तुमचे लाईट आज पहिल्यांदा पाह्यले म्या."

जन्म गेला हिचा माझ्या लाईटखाली. त्या रात्री मी जेवलो नाही.

उन्हाळ्यात बाईचं कंत्राट संपलं. पुढच्या वर्षी सगळे लाईट लावायचे असं हेडमास्तरांनी ठरवलंच होतं, बाईला त्यांनी परत बोलावलं नाही. ती पिपे परत द्यायला दुकानात आली. म्हटलं, "ठेवा तिकडं." चहा पाजला. एसटी यायला वेळ होता, तर तेवढ्यात दुकानाची ट्यूबलाईट बंद करून बसली. जाताना पाया पडली. मी म्हटलं, "आता जिथं जासान तिथं उजेड ठेवत जा जरा." बाकीचे पिपे उकिरड्यावर टाकले. हरणीचा ठेवला, तेल ठेवायला होईल म्हणून. त्याला बूड नाही, ती गोष्ट वेगळी.

आता लग्नातल्या बाया म्हणतात, काकाजी, पाठवणीच्या वेळी ते हरणीवालं लाईट लावा. मी नाही म्हणतो. मागच्या वैशाखात अनसिंगच्या एका मांडवात मात्र लावला. नवरीची आई मागंच लागली होती. हॅलोजन बंद केले, तशी पब्लिक ओरडली, "लाईन गेली!" मी कोणाकडं पाहिलं नाही. रेगुलेटर हळूहळू फिरवला. नवरीचा एक गाल उजळला, त्यावरचं पाणी दिसलं, आणि मांडव चिडीचूप झाला.

बाई तिथं पाहिजे होती. एक डोळा मिटून बघितलं असतं तिनं, आणि मी म्हटलं असतं, पाहा, तुमच्यावाचून काही अडत नाही.