मायाप्पाची गाडी का थांबायची

मायाप्पाच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला चेन दाखवत होतो. "शौकतभावजी, डॉक्टर गेलं ओ…" एवढं बोलून त्या थांबल्या.  गिऱ्हाईक चेनची कडी न कडी तपासत होतं. मग वहिनी म्हणाल्या, "सकाळी च्या मागितला, आन् च्या न्यायच्या आदीच…" पुढचं त्यांना सांगता येईना आणि मला विचारता येईना. मायाप्पा असता तर त्यानं विचारलं असतं. तहान होती का, श्वास कसा चालला होता, हात गार पडले होते का… मरण मेंढीचं असो की माणसाचं, त्याला आधी हे सगळं जाणून घ्यायचं असे. दुःख त्यानंतर यायचं, पण आलं की दोन-दोन दिवस तो जेवत नसे.

मायाप्पा जत तालुक्यातला, धनगराच्या घरातला. जनावरांचा डॉक्टर. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं तो आमच्या साताऱ्याकडं, वाईपर्यंत चालत आलेला होता, आणि मोठेपणी त्याच मेंढरांच्या वाटांनी मोटरसायकलवरून वाड्या-वस्त्यांवर औषधं घेऊन फिरायचा. आमची ओळख झाली ती तो क्लचप्लेटा घ्यायला दुकानात आला तेव्हा. प्लेटा घेतल्या आणि मग काउंटरला टेकून विचारत बसला, की त्या झिजतात त्या कुठल्या बाजूनं आधी, आणि का. दुपारचं जेवण माझ्याच घरी झालं. इतक्या वर्षांत मला असं गिऱ्हाईक दुसरं भेटलं नाही.

करोना सरल्यानंतर एका हिवाळ्यात दुकानात एका शर्यतीचं पत्रक आलं. मोटरसायकलींची दोन दिवसांची रॅली, साताऱ्याहून निघून माण-आटपाडीच्या माळांवरून जतला संपणारी. डांबरी रस्ता जवळजवळ नाहीच. सगळी ओढे, खडी, उतार आणि धूळ. मायाप्पानं ते वाचलं आणि हसला. "ह्यो तर माझा रोजचा रस्ता हाय की रं!" चाळिशी ओलांडलेला माणूस, वाड्या-वस्त्यांवर फिरायची तीच जुनी गाडी. नवे दातेरी टायर तेवढे आम्ही चढवले. नियम असा होता की वाटेत गाडी बिघडली तर चालवणाऱ्यानंच बघायचं. फक्त थांब्यावर मदतनिसाला थोडा वेळ हात लावू द्यायचे. तो मदतनीस मी.

निघण्याआधी जतला घरी त्याच्या आईनं गाडीची पूजा केली होती. टेम्पोतून साताऱ्यात उतरवली तेव्हा गाडी भंडाऱ्यानं पिवळीधमक झाली होती. बाकीच्यांच्या लाखमोलाच्या परदेशी गाड्यांमध्ये ती उठून दिसत होती. पोरं तिचे फोटो काढत होती. मायाप्पा मात्र त्या गाड्यांच्या मालकांना एकेक प्रश्न विचारत हिंडत होता, शेवटी त्यालाच हाका मारून रांगेत आणावं लागलं.

पहिल्याच टप्प्यात गाडी बंद पडली. थोडा वेळ थांबला, सुरू झाली. पुन्हा बंद. पुन्हा थांबला, पुन्हा सुरू. थांब्यावर माझ्यापर्यंत आली तेव्हा मात्र घड्याळासारखी चालत होती. मी टाकी भरली, प्लग बदलला आणि कॉइल, कार्बोरेटर सगळंच बदलायला घेतलं. त्यानं माझा हात धरला. "येका येळी येकच औषध, शौकत. सगळं येकदम बदललं तर काय बिघडलं व्हतं ते कसं कळंल?"

"कळून काय करायचंय? तुला जतला पोचायचंय की नाही?"

"दोनी करायचंय," तो म्हणाला आणि हेल्मेट चढवलं.

त्या दिवशी तो शेवटून दुसरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. प्लगचा दोष नव्हता, मग कॉइल बदलली. कॉइलचाही नव्हता. माझ्यासमोर गाडी एकदाही बंद पडली नाही. आटपाडीला त्याचे डोळे लाल, ओठ फुटलेले, गाडी ढकलून ढकलून तळहात सोललेले होते. तरी चूळ भरता भरता तो मला विचारत होता, "टाकी भरून घेतली की लौकर मरती. रिकामी हुत आली की जास्त पळती. असं उलटं कसं रं?" मी पुन्हा टाकी भरून दिली. शेवटचा टप्पा उरला होता. ठरलेल्या वेळेत जतला पोचला तर शर्यत पुरी करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागणार होतं, नाही तर दोन दिवसांची मेहनत फुकट.

मी जीपनं पुढं जतला गेलो. शेवटच्या कमानीपाशी त्याची आई, वहिनी आणि आसपासच्या वस्त्यांवरचे मेंढके ढोल घेऊन उभे होते. गाड्या येत गेल्या. प्रत्येक गाडीला धुरळ्यातून येताना बघून ढोलवाले हात उचलायचे आणि दुसराच कुणीतरी आहे हे दिसल्यावर खाली घ्यायचे. वेळ संपली. पंचांनी टेबल आवरलं, माणसं कमानीच्या दोऱ्या सोडायला लागली… आणि मायाप्पा आला. पूर्ण वेगानं, एकदाही न अडखळता. गाडीवरून उतरला तो सरळ माझ्याकडं आला. चेहरा असा, जणू पहिला आलाय.

"कळलं रं मला!"

माळावर गाडी पुन्हा थांबली तेव्हा तो काहीच न करता तिच्याशेजारी बसून राहिला होता. मग टाकीचं झाकण उघडलं. "फुस्स करून आत हवा शिरली. टाकीनं श्वासच घेतला गड्या!" झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. पूजेतला भंडारा दवानं भिजून, त्यावर धूळ बसून ते बुजलं होतं. आत हवा जाईना म्हणून पेट्रोल खाली उतरेना. भरलेल्या टाकीत हवा थोडीच, म्हणून ती लवकर अडायची. मी झाकण उघडून पेट्रोल घातलं की हवा जायची आणि गाडी माझ्यासमोर शहाणी व्हायची. त्यानं बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं केलं होतं.

"मग एवढा उशीर कशानं?" मी विचारलं.

तो जरा घुटमळला. "परत बुजवलं."

"काय?"

"भंडारा वल्ला केला आन् परत बुजवलं. बंद पडती का बघायला. पडली की! मग पुन्ना काडला. नुस्ती चालायला लागली म्हंजी तेच कारण असंल असं कसं? खात्री नको व्हय?"

मला इतका संताप आला की मी पान्हे जीपमध्ये फेकले. तेवढ्यात आई जवळ आली, त्याच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली. "का रं बाबा, का थांबत व्हती?" मायाप्पानं क्षणभर माझ्याकडं बघितलं. "धूळ गेलती, आये," तो म्हणाला. ढोल वाजायला लागले. त्याचं नाव कुठंच लागलं नव्हतं, पण ते तिथं कुणी विचारलंही नाही.

त्यानं ते भोक परत का बुजवलं हे मला बरेच दिवस उलगडलं नाही. गेल्या वर्षी सांगलीच्या दवाखान्यात ते कळलं. त्याचा यकृताचा आजार बराच पुढं गेला होता. सोनोग्राफी करणाऱ्याला तो पडदा आपल्याकडं वळवायला सांगायचा आणि बोट दाखवून विचारत राहायचा. एकदा बाहेर आल्यावर मी म्हणालो, "कशाला बघतोस रे?"  तो म्हणाला, "मी ल्हान असताना येका पावसाळ्यात आमची मेंढरं पटापट मेली. समदी. माझा बा पाठीवर टाकून येकेक पुरत व्हता. कशानं मेली ते कुणालाच कळलं न्हाई. फुडच्या साली दुसऱ्या मेंढक्यांच्या वाड्यावरची तशीच मेली…" पाणी प्यायला आणि म्हणाला, "भ्या वाटतंय रं, शौकत. पर कळंना झालं की त्येच्याहून जास्त वाटतंय."

दिवसकार्य उरकल्यावर मी जतला गेलो. वहिनी पडवीत बसल्या होत्या.  एवढ्यात एक म्हातारा मेंढका एका मेंढीला खांद्यावर घेऊन आला. लांबून आला होता, त्याला काही माहीत नव्हतं. "डॉक्टर हायत का?" मेंढीची मान एका अंगाला वळली होती. मला वाटलं, वहिनी आता रडतील. त्या उठल्या, मेंढीजवळ उकिडव्या बसल्या आणि तिच्या मानेवरून हात फिरवत विचारायला लागल्या. पाणी कवा प्याली? काल कुठं चारली? कळपात आनखी कुणाला झालंय? म्हातारा आठवून आठवून सांगत होता. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि म्हाताऱ्यानं सांगितलेलं एकेक त्यांना कळवलं. मग फोन ठेवून त्याला म्हणाल्या, "आमचं डॉक्टर न्हाईत आता. तुमी त्या सरकारी डॉक्टरांकडं जावा."

 म्हातारा हळूच पायरीवर टेकला, मेंढी मांडीवर घेतली आणि विचारलं, "काय झालतं त्यांस्नी?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.