कुण्या लेकराची नाळ

अप्पांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तसा मला एकेकाचा संशय यायला लागला. अप्पा म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले, कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं ते बघताक्षणी सांगणारे. साखरेच्या आजारानं पायाची जाणीवच गेली होती. कलबुर्गीचे डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल, पण त्याआधी एक नवं मलम लावून बघू.

"पेशी बारीक पिशव्या सोडतात. त्यांतनं शेजारच्या पेशींना निरोप जातो, कातडी भरायला घ्या म्हणून. यांच्या जखमेत ते निरोप नीट पोचत नाहीत. या मलमात तशाच पिशव्या आहेत. अभ्यास चालू आहे, खात्री देत नाही."

खात्री न्हाई, मग आमच्याच म्हाताऱ्यावर कामून? मी विचारलं, "कुणाच्या पेशी?"

"बाळंतिणींनी दान दिलेल्या नाळेतल्या."

अप्पांनी मान खाली घातली. मला वाटलं, घाबरले असतील.

मलम लावून बांधलेली पट्टी आठवडाभर सोडायची नव्हती. मुडबीला घरी आल्यावर संध्याकाळी बघते तर पायाला धोतराची चिंधी! "सुटली," अप्पा म्हणाले. पुढच्या खेपेलाही तेच. जखम चिघळली, अन् डॉक्टर माझ्यावरच डाफरले. मला आधी पट्टी बांधणाऱ्याचा संशय आला, मग घरच्या कुत्र्याचा, शेवटी अप्पांचाच. नवी पट्टी बांधून घरी आणलं, अन् "दुकानाला जाऊन येते" म्हणून भिंतीआड उभी राहिले.

अप्पा परसात लिंबाखाली खुरप्यानं खड्डा करत होते. शेजारी पट्टी, तिच्यावर हळद-कुंकू.

"अप्पा! काय करायलाव हे?"

"वरडू नगं. कुण्या बाईच्या लेकराची नाळ हाय ती. दिवस मावळायच्या आत पुराय पायजे."

माझं डोकंच फिरलं. "अन् पाय गेला मंजे?"

"म्हाताऱ्याचा पाय गं. त्या लेकराला काय झालं मंजे?"

मला रडूच फुटलं. "लेकरू बाहेर आल्याबिगर नाळ कुणी तोडतं का? तिचं काम तर होऊ द्या! मग मीच पुरते."

अप्पांनी खुरपं बाजूला ठेवलं. "व्हय," म्हणाले, "हे खरं हाय."

पुढच्या पट्ट्या टिकल्या. अंगठा वाचला. पिशव्यांनी वाचवला का जखम झाकून राहिल्यानं, मला अजून संशय आहे, अन् डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. अप्पांना मात्र तिळभर संशय नव्हता. शेवटच्या तपासणीला ते म्हणाले, "डॉक्टर, ती माय कोण ते सांगा. मी चालायलोय, हे तिला सांगाय पायजे."

"नाव आम्हालाही माहीत नसतं, अप्पा."

अप्पांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "माय कोण ते ठावं न्हाई म्हणतो. ह्या माणसावर भरवसा कसा ठेवलीस गं तू?"