दीड मिलिमीटरचा नर

माशीताईंना सगळे माशीताईच म्हणायचे. त्यात प्रेम कमी, चेष्टाच जास्त. कीटकसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. जंगलात लावलेल्या जाळ्यांतून अल्कोहोलच्या बाटल्या यायच्या. त्यातला किड्यांचा गाळ ताटलीत ओतायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक माशी निवडायची आणि कागदाच्या टोकाला चिकटवायची. जाऊबाई पाहुण्यांना सांगायच्या, आमच्या घरात एकटी हीच माश्या मारायचा पगार घेते. पाहुणे पोट धरून हसायचे. ताई कपबश्या उचलून आत जायच्या.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांना एक मादी दिसली. मागच्या पायावर दोन राठ केस, जिथे त्या कुळातल्या कुठल्याच माशीला नसतात. विभागप्रमुख सरांनी ते उडवून लावलं. जन्मभर माश्यांत राहूनही नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो! पण ताईंनी तशाच आणखी अकरा माद्या समोर ठेवल्या, तेव्हा त्यांनी भिंगाला डोळा लावला. जात नवी होती.

"हिला तुमचंच नाव देऊ," सर म्हणाले. "फक्त एक नर शोधून द्या."

या माश्यांची खरी ओळख नराच्या पोटाच्या टोकाशी असते. नराशिवाय नव्या जातीवर कुणी विश्वास ठेवत नाही. ताईंनी घरी सांगितलं आणि जाऊबाई पहिल्यांदाच गप्प बसल्या. ताईंना मूलबाळ नव्हतं. आपलं नाव कुठेतरी मागे राहील या विचाराने त्या हरभऱ्याच्या झाडावर चढल्या, आणि सात महिने डोळ्यांत तेल घालून त्यांनी नर शोधला. एकच मिळाला.

पोटाचं टोक कापून कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवायचं. दहा मिनिटांत मांस विरघळतं आणि टणक भाग उरतात. जास्त ठेवलं तर तेही जातात. ताईंनी अशी शेकडो टोकं काढली होती. पण सर म्हणाले, हे नाजूक काम आहे, तुम्ही बाहेर बसा. त्यांनी बशी शेगडीवर ठेवली, दाराला आतून कडी लावली, आणि त्यांच्या सासऱ्यांचा फोन आला. बाराव्या मिनिटाला ताईंनी दार वाजवलं. सरांनी दाराच्या काचेतून हात दाखवला, थांबा. ताई थांबल्या. चाळीस मिनिटांनी दार उघडलं, तेव्हा बशीत एक तपकिरी डाग होता.

सरांनी आठवणीतून नराचं चित्र काढलं आणि लेख छापून आणला. माशीला नाव दिलं होतं सासऱ्यांचं. चौथ्या पानावर एक ओळ होती: नराचा एकमेव नमुना सहायिकेच्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाला.

ताई लेख घेऊन सरांसमोर उभ्या राहिल्या. चौथं पान उघडून त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"एवढं मनाला लावून घेऊ नका," सर म्हणाले. "तुमचं नाव थोडंच छापलंय?"

मूळ नमुना ठरलेल्या मादीखाली टोचायची, नव्या नावाची लाल चिठ्ठीही त्यांनी ताईंकडूनच लिहून घेतली, कारण विभागात अक्षर त्यांचंच चांगलं होतं. जाऊबाईंना पुन्हा कंठ फुटला. माशी शिंकली वाटतं, त्या म्हणाल्या आणि आठवडाभर तेच म्हणत राहिल्या.

मग दूरच्या एका जाणकाराने छापून टाकलं की नर हातात नसताना काढलेलं चित्र मी मानत नाही, त्यामुळे ही जातही मानत नाही. सरांचं तोंड एवढंसं झालं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ताईंच्या टेबलापाशी स्टूल ओढलं. ते जंगल तर आता तोडून झालं होतं. तिथल्या तीन न उघडलेल्या बाटल्या उरल्या होत्या. जाण्याआधी तेवढ्या बघाल का, त्यांनी मऊ आवाजात विचारलं. ताईंनी मान डोलावली.

तिसरी बाटली त्यांनी नोकरीच्या शेवटच्या दिवशी उघडली. गाळात, एका मुंगीच्या आड, तो होता. दोन राठ केस, पोटाचं टोक शाबूत. ताईंनी त्याला चिमट्याने अलगद बाजूला घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. इतका सुबक नमुना त्यांना क्वचितच मिळाला होता.

मग त्यांनी त्याच्यासकट ताटली मोरीत ओतली, नळ सोडला आणि बाटली धुऊन पालथी घातली.

सर निरोपाची शाल घेऊन दारात उभे होते. काही सापडलं का, त्यांनी विचारलं.

"नाही सर," ताई म्हणाल्या. "सगळ्या माद्याच." आणि शाल पांघरून घ्यायला त्यांनी मान खाली केली.