टाकीच्या सावलीतलं गवत

घरामागे पाण्याच्या टाकीखाली ऊन कधीच येत नाही. तिथे मी गवतासारख्या पानांचं एक फुलझाड लावलं आहे. ते बारा महिने हिरवं असतं आणि श्रावणात त्याला जांभळे तुरे येतात. आज ते तुरे वन्संच्या नजरेत भरले.

"वहिनी, थोडं नेते हं. हे काय, आपोआप वाढतं."

ओट्यावरून हे म्हणाले, "ने की सगळं. त्याला ना ऊन लागतं, ना कौतुक. अगदी तुझ्या वहिनीसारखं!"

सगळे हसले. मीही हसले.

उन्हाळ्यात तिथली माती दगड होते. तीन उन्हाळे मी तांदळाचं धुवण ओतलं, एका ठोंबाचे सात केले. ते कुणी पाहिलं नाही, म्हणून ते आपोआप झालं. जो मागत नाही त्याला काही लागतच नाही, असं घर ठरवून टाकतं, आणि तेही हसतखेळत.

मी खुरपं आणेपर्यंत वन्सं थांबल्या नाहीत. त्यांनी हातानेच खेचलं. पानं वर आली, मुळं मातीतच राहिली. अशी पानं जगत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी पिशवीला नीट गाठ मारून दिली.